दुसरा लाइट घेण्याआधी सावली कुठे पडते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खोलीला एक मोठी खिडकी आहे, जवळ एक स्टुडिओ फ्लॅश आणि 60 बाय 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) आहे. मॉडेल प्रौढ आणि अनुभवी आहे, काय टिपायचं आणि काय नाही हे दोघांत आधीच लेखी ठरलं आहे. सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या जरासा डावीकडे, मागे पांढरी भिंत. एक्स्पोजर बरोबर, फोकस टोकदार, एक-तृतीयांशाचा नियमही (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवणं) पाळलेला. तरी विवस्त्र शरीराचे हे फोटो ‘वैद्यकाच्या पुस्तकातल्यासारखे’ दिसतात. मग दुसरा लाइट घ्यावा का, आणि रचना सुधारण्यासाठी काय करावं?

लाइट घेऊ नका. प्रकाश आणि रचना हे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे मांडलेत, तिथेच घोडं अडलंय. कपडे घातलेल्या माणसाच्या फोटोत रचनेला हाताशी बरंच काही असतं: कॉलर, बाही, रंग, कापडाची घडी. इथे ते सगळं काढून ठेवलेलं असतं. उरते ती त्वचा, आणि ती डोक्यापासून पायापर्यंत जवळपास एकाच रंगाची. चौकटीत मांडायला रेषा हव्या असतील तर त्या सावलीनेच आखून द्यायला हव्यात. तुमच्या फोटोंत सावलीच नाही, म्हणून मांडायलाही काही नाही.

वैद्यकीय फोटोत प्रकाश मुद्दाम समोरून टाकतात, कारण डॉक्टरला प्रत्येक इंच सारखा उजळलेला हवा असतो. तुम्ही नकळत तेच केलंत. शरीरावर उजेड पडला की तीन भाग तयार होतात: उजळ बाजू, काळोखी बाजू आणि दोहोंच्या मधला उतार. गोलाई कळते ती या उतारातून. उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने आला की हा उतार शरीराच्या अगदी कडेला, बाह्यरेषेपाशी जाऊन दडतो. कॅमेऱ्याला दिसते फक्त उजळ बाजू, म्हणजे कागदाचा सपाट तुकडा. उजेड बाजूला सरकवा, की उतार कडेवरून मध्यावर येतो आणि पाठ पाठीसारखी दिसायला लागते.

हे वाचून पटण्यापेक्षा करून बघा. मॉडेलला स्टुलावर तुमच्याकडे पाठ करून बसवा. सुरुवातीला पाठच घ्या, कारण तिथे कणा आहे, खांद्यांची पाती आहेत, कंबरेची खोलगट जागा आहे, आणि चेहऱ्यावर काय भाव आणायचा ही चिंता नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा, हलवू नका. सॉफ्टबॉक्स तिच्यापासून एक मीटरवर ठेवून तिच्याभोवती फिरवत जा. कॅमेऱ्यापासून 45 अंशांवर असताना पाठ अजून सपाटच दिसेल. 90 वर आलात की कण्याची पन्हळ उमटेल आणि दूरचं पातं काळोखात जाईल. 120 च्या पुढे गेलात की पाठ जवळजवळ काळी होईल आणि एका बाजूची फक्त कड पेटेल. तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवा. मॉडेल तीच, बसणं तेच, चौकट तीच, पण रचना तीन वेगळ्या झालेल्या असतील. म्हणून म्हणते, दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

आता यातली जरा खोल गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. उजेड किती बाजूला आहे याइतकंच तो शरीराच्या लांबीला आडवा जातो की लांबीच्या बाजूने धावतो, हे महत्त्वाचं आहे. बसलेल्या पाठीवर डावीकडून उजेड टाकला तर तो कण्याला आडवा जातो. कणा एक लांब, अखंड रेघ बनतो आणि फोटो शांत वाटतो. तोच उजेड डोक्याच्या वरून, पाठीला घासत खाली सोडला तर कणा तुटक होतो. मणके दिसतात, पात्यांखाली सावल्या साचतात, कंबरेची खोलगट जागा बुडते. फोटो एकदम हाडांचा, कष्टांचा वाटतो. आडव्या झोपलेल्या शरीराचंही तसंच. उजेड शरीराच्या पलीकडून, जरा वरून आला तर एक सलग डोंगररांग मिळते. पायांकडून आला तर गुडघा, कटी, बरगड्या, खांदा असे एकामागे एक उंचवटे आणि मधे सावलीच्या दऱ्या मिळतात. दोन्ही चांगले, पण कुठला हवा हे शटर दाबण्याआधी ठरलेलं असावं.

लाइटच्या अंतराबद्दल बहुतेकांचा समज असतो की ते फक्त एक्स्पोजरचं प्रकरण आहे. नाही. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हे ठाऊक असेलच. त्याचा शरीरावरचा परिणाम बघा. समजा जवळचा खांदा लाइटपासून एक मीटरवर आहे आणि दूरची कटी दीड मीटरवर. दोहोंत एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे खांदा उजळ असताना कटी हळूहळू अंधारात उतरते. हाच लाइट तीन मीटरवर नेला तर तेवढ्याच शरीरावर अर्ध्या स्टॉपहून कमी फरक राहतो, सगळं एकसारखं दिसतं. बघणाऱ्याची नजर खांद्यावर थांबवायची असेल तर लाइट जवळ घ्या. मागची भिंतही याच हिशेबात येते. मॉडेल लाइटपासून एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर नवव्या हिश्शाएवढा उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक. पांढरी भिंत आपोआप करडी होते. लाइटचं तोंड भिंतीपासून थोडं वळवून शरीरावर फक्त त्याची कड घेतली, तर ती आणखी गडद होते. काळा पडदा विकत आणायच्या आधी एवढं करून बघा.

मऊ आणि कठोर सावलीचं गणितही अंतरातच आहे. तुमचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर शरीराच्या मानाने मोठा आहे, सावलीची कड हळूच विरते. तोच चार मीटरवर लहानसा दिवा होतो आणि सावली चाकूने कापल्यासारखी पडते. ‘न्यूडला मऊच प्रकाश हवा’ असं सरसकट सांगतात ते मला पटत नाही. मऊ प्रकाश चुका पोटात घालतो, म्हणून शिकायला बरा. पण हाताची सावली पोटावर रेघेसारखी पडायला हवी असेल, तर उघडा दिवा लागतो.

छोट्या खोलीचा एक शत्रू असतो, त्याने मला सुमारे दोन वर्षं छळलं. एकाच लाइटवर काम करत होते, कोन बदलत होते, तरी सावल्या कायम धुरकट, राखाडी. मी आणखी एक लाइट घेतला, मग आणखी एक, आणि फोटो उलट बिघडत गेले. दोष होता पांढऱ्या छताचा आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीचा. उजेड त्यांच्यावर आपटून परत येत होता आणि मी मेहनतीने केलेल्या सावल्या भरून काढत होता. उपाय अगदी स्वस्त निघाला. लाइटच्या विरुद्ध बाजूला, मॉडेलपासून हातभर अंतरावर, चौकटीच्या जरा बाहेर काळं जाड कापड लटकवायचं. काळं कापड उजेड परत देत नाही, सावली खरोखर सावली होते. मी आजही रिफ्लेक्टरपेक्षा (उजेड परत फेकणाऱ्या पांढऱ्या फलकापेक्षा) काळं कापड जास्त वापरते. सावली फारच काळी झाली तर ते कापड एक-एक पाऊल मागे सरकवा. तीच तुमची दुसऱ्या लाइटची कळ.

खिडकीबद्दल थोडक्यात. थेट ऊन येत नसेल तर ती तुमच्याकडचा सर्वांत मोठा सॉफ्टबॉक्स आहे. मॉडेलला खिडकीसमोर उभं न करता खिडकीच्या कडेला, भिंतीच्या जरा पुढे ठेवा, म्हणजे उजेड शरीराला घासत जाईल. खालचा अर्धा भाग जाड कापडाने झाका, पायांकडचा उजेड कमी होतो आणि नजर वर जाते. फ्लॅश आणि खिडकी एकत्र वापरू नका, निदान सध्या तरी. त्वचेवर दोन रंग आणि दोन दिशांच्या सावल्या आल्या की बघणाऱ्याला उजेड कुठला तेच कळत नाही.

काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या कडा उजळलेल्या आकृत्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. त्यासाठी लाइट शरीराच्या मागे, बाजूला, साधारण 130 ते 150 अंशांवर असतो, आणि तिथे सावलीपेक्षा त्वचेची चकाकी काम करते. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर ज्या कोनात आपटतो साधारण त्याच कोनात परत फिरतो, चकाकीचंही तसंच. लाइट, त्वचा आणि लेन्स यांचा तो कोन जुळला तरच कड पेटते. म्हणून लाइट वीतभर सरकला तरी कड विझते किंवा भलत्याच ठिकाणी उमटते. अशा वेळी लाइटकडे न बघता लेन्समधून बघत मॉडेलला खांदा जरा पुढे, जरा मागे करायला सांगा. आणि लाइटचा झोत थेट लेन्समध्ये शिरू नये म्हणून मधे काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा धरा, नाहीतर सगळा काळेपणा धुऊन जातो.

त्वचेचा वर्ण इथे मोठा फरक करतो आणि यावर फार कमी लिहिलं जातं. गोऱ्या त्वचेवर आकार प्रामुख्याने सावलीतून कळतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो प्रामुख्याने चकाकीतून कळतो. तिथे उजेडाचं प्रमाण वाढवत बसण्यापेक्षा उजेडाचं प्रतिबिंब त्वचेवर कुठे दिसतं ते बघावं. मोठा, जवळचा सॉफ्टबॉक्स बाजूला आणि जरा मागे ठेवला तर खांद्यावर, मांडीवर लांब, रेशमी पट्टे येतात, आणि त्या पट्ट्यांच्या कडांनीच रचना बांधली जाते. तेलाचा अगदी पातळ हात ही चकाकी वाढवतो. जास्त झालं की शरीर प्लॅस्टिकचं दिसतं. एक्स्पोजरच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. त्याला जे दाखवाल ते तो मधल्या करड्या छटेत आणतो. काळी त्वचा तो उगाच उजळ करेल, गोरी मळकट करेल, आणि चौकटीत काळी पार्श्वभूमी जास्त असेल तर शरीर पार पांढरंफटक करेल. हाती धरायचा मीटर असेल तर तो शरीरापाशी धरून पडणारा उजेड मोजा. नसेल तर लेन्सचं छिद्र एफ 8, शटर सेकंदाचा 125वा भाग, संवेदनशीलता आयएसओ 100 इथून सुरुवात करून फ्लॅशची ताकद कमी-जास्त करा. सर्वांत उजळ कड जळत नाही (पार पांढरी होत नाही) एवढं हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, बघा. बाकी अंधारात गेलं तर जाऊ द्या.

आता चौकट. एक-तृतीयांशाचा नियम या कामात मला जवळपास निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा शरीराच्या आतल्या आणि भोवतीच्या रिकाम्या जागा बघा. कोपर कंबरेला चिकटलं असेल तर दोन्ही मिळून एक जाड ठोकळा होतो. तेच चार बोटं दूर घेतलं की मधे एक काळा त्रिकोण उघडतो आणि कंबर दिसायला लागते. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांच्या 1928 च्या एका छायाचित्राचं नावच ‘ट्रायअँगल्स’ (त्रिकोण) आहे. शरीराचा थोडासाच भाग, आणि सावलीने कापून काढलेले त्रिकोण. नजर आधी आकारावर जाते, शरीर नंतर कळतं. तुम्हाला जे जमत नाही म्हणता ते नेमकं हेच आहे. बघणाऱ्याला आधी आकार दिसायला हवा.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचं 1936 चं, दारात बसलेल्या त्यांच्या मॉडेल चॅरिस विल्सन यांचं छायाचित्र शोधून बघा. गुडघा वर घेतलेला, हात त्याभोवती गुंफलेले, डोकं खाली झुकलेलं, मागे दाराचा काळोख. संपूर्ण शरीर विवस्त्र आहे आणि तरी बघताना लक्षात राहते ती एकमेकांत अडकलेल्या हातापायांची बंद आकृती. गंमत म्हणजे वेस्टन यांना त्यातल्या उजव्या दंडावरच्या सावलीची शेवटपर्यंत रुखरुख होती, असं विल्सन यांनी नंतर लिहिलं. इतक्या बारीक सावलीवरून इतका जीव जाळणारा माणूस होता तो. छायाचित्रकार रूथ बर्नहार्ड यांनी 1962 मध्ये मॉडेलला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवून टिपलं. खोक्याच्या सरळ कडांमुळे शरीराची वळणं कितीतरी ठळक झाली. साधा धडा: वळण दाखवायचं असेल तर शेजारी एक सरळ रेघ द्या. दाराची चौकट, पलंगाची कड, भिंतीवरची उजेडाची पट्टी, काहीही चालेल.

कापायचं कुठे? मनगट, घोटा, गुडघा, कोपर यांच्यावरच चौकटीची कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर, दंडाच्या मध्यावर कापा. आणि कापायचं तर ठामपणे कापा. बोटांची टोकं तेवढी गेली तर ती चूकच दिसते. मात्र काळोखालाही कापू द्या. पाय चौकटीत असूनही सावलीत विरले, तर ते कापलेले वाटत नाहीत. कात्रीपेक्षा सावलीने कापणं मला नेहमी सभ्य वाटतं.

चेहरा वगळायचाच असा दंडक पाळू नका. डोकं चौकटीबाहेर टाकलेली धडं इतकी झाली आहेत की आता ती पाहून कंटाळा येतो, आणि माणसाला वस्तू केल्याचा वासही येतो. ओळख लपवायची असेल तर मान वळवा, केस पुढे घ्या, पाठ दाखवा. एवढंच लक्षात ठेवा की डोळे लेन्सकडे आले की फोटो प्रथम व्यक्तिचित्र होतो, आणि मग सगळी रचना त्या नजरेभोवती बांधावी लागते.

लेन्स कुठली हा प्रश्न लोक जास्त चघळतात. प्रमाणं बिघडतात ती अंतरामुळे. गुडघा चेहऱ्यापेक्षा 60 सेंटिमीटर पुढे असेल आणि चेहरा कॅमेऱ्यापासून 1.2 मीटरवर, तर गुडघा दुप्पट मोठा दिसतो. चेहरा तीन मीटरवर नेला तर तोच गुडघा फक्त सव्वापट. खोली लहान असेल तर पूर्ण आकृतीचा हट्ट सोडा, तुकडा घ्या. किंवा मग छायाचित्रकार बिल ब्रँट यांच्यासारखं प्रमाणांच्या त्या विकृतीलाच कवटाळा. 1945 च्या सुमारास त्यांनी फार रुंद कोन टिपणारा एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा हाती घेतला आणि अगदी जवळून शरीरं टिपली. पाय पुलासारखे लांब झाले, कान डोंगराएवढे. अर्धवट विकृती मात्र चूक म्हणूनच वाचली जाते. कॅमेऱ्याची उंचीही बघा: उभ्या आकृतीसाठी बेंबीच्या आसपास, झोपलेल्यासाठी शरीराच्याच पातळीवर. वरून टिपलं की डोंगररांगेचा नकाशा होतो.

पोझ म्हणून फार काही सांगू नका. वजन एका पायावर टाकलं की कटी एका बाजूला आणि खांदे उलट बाजूला आपोआप कलतात. हात सर्वांत आधी खोटं बोलतात. बोटं ताठ झाली की एकदा मुठी आवळून सोडायला सांगा. श्वास सोडताना टिपलं तर खांदे खाली येतात, घेताना टिपलं तर बरगड्या उमटतात.

बाजूने घासून येणारा उजेड काहीच लपवत नाही, म्हणून काही साध्या गोष्टी प्रकाशयोजनेचाच भाग मानते. इलॅस्टिकचे वळ जायला तास-दीड तास लागतो. मॉडेलला सैल कपड्यांत यायला सांगा, किंवा आल्यावर आधी गाऊनमध्ये बसवून बोलून घ्या. खोली तुम्हाला घाम येईल इतकी उबदार हवी. अंगावर काटा आला की या उजेडात तो वाळूसारखा दिसतो. पायाखाली स्वच्छ चादर, नाहीतर तळवे काळे. हात लावून पोझ सुधारायची नाही, स्वतः करून दाखवायची. मॉडेलला सोबतीला कुणाला आणायचं असेल तर आणू द्या, मधेमधे तिला फोटो दाखवा, आणि जो नको म्हणेल तो तिच्या समोर काढून टाका. अवघडलेपणा सर्वांत आधी मान आणि पोट यांत दिसतो आणि तो कुठल्याही सॉफ्टबॉक्सने झाकला जात नाही.

कृष्णधवल करताना रंग नुसता उडवून टाकू नका. लाल वाहिनीतून (रंगीत फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल थरातून) रूपांतर केलं तर त्वचा उजळ आणि नितळ होते, डाग विरतात. हिरव्याकडे झुकवलं तर ती गडद होते आणि पोत, शिरा, तीळ वर येतात. म्हातारा हात किंवा खेळाडूची पाठ मी हिरव्यातून काढते. त्वचा धूसर करणारी साधनं वापरू नका, ज्या उतारासाठी एवढा खटाटोप केला तोच त्यात पुसला जातो.

काय वाचावं याऐवजी एक घरचा अभ्यास सांगते. वेस्टन यांनी 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवून टिपली होती. ते छायाचित्र ‘पेपर नंबर 30’ (इथे पेपर म्हणजे मिरची) म्हणून ओळखलं जातं, आणि त्यात अनेकांना वळलेली पाठ दिसते. बाजारातून वेडीवाकडी मिरची निवडून आणा. एकच लाइट, विरुद्ध बाजूला काळा कागद, कॅमेरा स्थिर. लाइट तिच्याभोवती फिरवा, जवळ घ्या, लांब न्या, आणि पन्हळीतली सावली कधी रेघ होते, कधी डाग होते ते वहीत टिपून ठेवा. मिरचीला थंडी वाजत नाही, ती कंटाळत नाही आणि तासाचे पैसेही मागत नाही. दोन-तीन संध्याकाळी तिच्यासोबत घालवा, मग मॉडेलला फोन करा.